‘पोट ठीक नाही रे’: एका लपवलेल्या आजाराचा इतिहास

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा शांतपणे वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. नेहमीसारखाच बोलता बोलता लिहिलेला.

आजचा विषय आहे पोटाचा. थोडं स्पष्ट सांगायचं तर आतड्यांचा. आणि त्याहून स्पष्ट सांगायचं तर संडासाचा. हसू आलं ना? हरकत नाही. पण ते हसू लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

समजा, मंठ्याहून एक मुलगा बारावीनंतर जालना शहरात शिकायला आलाय. खोलीत चौघं जण, मजल्यावर एकच संडास. सकाळी अभ्यासिका, संध्याकाळी चहाच्या टपरीवर गप्पा. मग एक दिवस पोट बिघडतं. आठवडा जातो, महिना जातो, तरी थांबत नाही. दिवसातून सात-आठ वेळा पळावं लागतं. कधी आव, कधी रक्त. वजन उतरतं, अंगात त्राण राहत नाही. मित्र विचारतात, “काय रे, येत का नाहीस?” तो म्हणतो, “काही नाही, पोट ठीक नाही रे.” दुसऱ्यांदा तेच. पाचव्यांदाही तेच. सहाव्यांदा मित्र विचारणं बंद करतात. त्यांना वाटतं, हा टाळतोय. त्याला वाटतं, यांना माझी गरज नाही. भांडण झालेलं नसतं, कुणाची चूक नसते, आणि तरी मैत्री संपते.

हा मुलगा काल्पनिक आहे, पण अशी मुलं-मुली खरी आहेत. आतड्यांना वर्षानुवर्षं सूज राहणारे दोन मोठे आजार आहेत: अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स. दोन्ही बहुतेकदा पंधरा ते पस्तीस या वयात डोकं वर काढतात. म्हणजे ज्या वयात माणूस मित्र जोडतो, नेमकं त्याच वयात. आता प्रश्न असा की, हा आजार मैत्री का तोडतो? माझं म्हणणं असं की, यातला मोठा वाटा आतड्यांचा नाहीच. आजाराला सांगण्याजोगं नावच बराच काळ नव्हतं, आणि जी नावं मिळाली त्यांतली बरीचशी रुग्णावर संशय घेणारी होती. हे समजून घ्यायला थोडं मागे जाऊ.

भीती आणि शोक

आपल्याकडे पोटाच्या जुनाट दुखण्याला शब्द जुने आहेत. अतिसार, ग्रहणी, संग्रहणी. आजही गावाकडची आजी “संग्रहणी लागली” म्हणते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीवर आणि अतिसारावर वेगवेगळे अध्याय आहेत. अतिसाराचे सहा प्रकार सांगितलेत. वात, पित्त, कफ, तिन्ही दोष एकत्र, हे चार झाले. उरलेले दोन ऐकण्यासारखे आहेत: भयातून होणारा आणि शोकातून होणारा. म्हणजे मनाचा आणि पोटाचा संबंध आपल्या जुन्या वैद्यांनी ओळखला होता. परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येतो, हे कुणाला वेगळं सांगायला नको.

पण इथंच एक खाचही आहे. मन बिघडलं की पोट बिघडतं, हे अर्धं सत्य. पोट महिनोन् महिने बिघडलं की मनही बिघडतं, हे उरलेलं अर्धं. पुढच्या काळात जगाने पहिलं अर्धं उचललं आणि दुसरं विसरलं. त्याची किंमत रुग्णांनी मोजली. तिकडे येऊच.

गोदावरीच्या पलीकडे एक तरुण

जालना जिल्ह्याच्या दक्षिणेला गोदावरी वाहते. अंबड तालुक्यातलं शहागड ओलांडलं की पलीकडे बीड जिल्हा. तिथे गेवराई तालुक्यात नदीकाठी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी तिथे निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईत मारला गेला. मराठ्यांच्या बाजूने जो पेशवा होता, त्याचं वय होतं अवघं अठरा. थोरले माधवराव.

जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झालं, त्याच वर्षी वडील नानासाहेब गेले, आणि सोळा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर दौलत आली. त्यानंतरच्या अकरा वर्षांत त्यांनी राज्याची घडी परत बसवली. हे शाळेत शिकलोय आपण. त्यांना राजयक्ष्मा झाला होता, हेही शिकलोय. पण क्षय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खोकला येतो. माधवरावांच्या बाबतीत इतिहासकारांनी लिहिलंय ते आतड्यांच्या क्षयाबद्दल. म्हणजे या माणसाचं शेवटचं दुखणं छातीपेक्षा पोटाचं होतं.

१७७० मध्ये हैदर अलीवरच्या तिसऱ्या स्वारीला ते निघाले. मिरजेपर्यंत गेले आणि तब्येतीने साथ सोडली. सैन्य पुढे गेलं, पेशवे मागे फिरले. स्वारीची सूत्रं त्रिंबकराव पेठे यांच्याकडे गेली आणि पुढच्या वर्षी मोती तलावाजवळची लढाई त्यांनी जिंकलीही. पण ती जिंकताना माधवराव तिथे नव्हते.

मला ही जागा फार बोलकी वाटते. दीर्घ आजार तरुण माणसाला नेमका असाच बाजूला काढतो. बरोबरीचे पुढे जातात. तुम्ही मिरजेहून परत येता. ट्रिप होते, भरतीसाठी पळायला सगळे ग्राउंडवर जातात, कुणाचं लग्न लागतं, आणि तुम्ही घरी असता. कुणी तुम्हाला हाकललेलं नसतं. फक्त पुढे जाणारे थांबू शकत नाहीत आणि तुम्ही चालू शकत नाही.

शेवटी माधवराव थेऊरला चिंतामणीच्या देवळात राहायला गेले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. वय सत्तावीस. पेशव्यांचा आजार लपण्यासारखा नव्हता. वैद्य होते, माणसं होती, कारभार थेऊरला चालत येत होता. मंठ्याच्या मुलाकडे यातलं काहीच नाही. त्याचा आजार फक्त त्याला माहीत आहे.

विष की आजार?

आता जाऊ इंग्लंडला, १८५९ साली. लंडनजवळच्या रिचमंडमध्ये इझाबेला बँक्स नावाची बाई अनेक दिवस उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन मे महिन्यात मरण पावली. तिच्याबरोबर राहणारा डॉक्टर थॉमस स्मेथर्स्ट आधीच विवाहित होता, आणि तिच्या मृत्यूमुळे त्याला पैसा मिळणार होता. पोलिसांना वाटलं, यानेच विष घातलं. त्या काळातले नामांकित विषतज्ज्ञ आल्फ्रेड टेलर यांनी आर्सेनिक सापडल्याचं सांगितलं. नंतर उघड झालं की, आर्सेनिक त्यांनी तपासणीसाठी वापरलेल्या रसायनातच होतं! तरीही स्मेथर्स्टला फाशीची शिक्षा झाली. मग डॉक्टर मंडळींनी गदारोळ केला, गृहमंत्र्यांनी मत मागवलं आणि त्याला खुनाच्या आरोपातून माफी मिळाली. दुसरं लग्न केल्याबद्दल मात्र तुरुंगात जावं लागलं.

या खटल्यात गायज हॉस्पिटलच्या सॅम्युएल विल्क्स यांनी इझाबेलाची आतडी तपासली होती. त्यांना आतड्यांत मोठी सूज आणि व्रण दिसले. त्यांनी जे लिहिलं, ते आज अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या इतिहासातलं पहिल्या काही वर्णनांपैकी एक मानलं जातं. नंतरच्या डॉक्टरांनी तेच वर्णन वाचून म्हटलं की हे क्रोन्ससारखं दिसतं. काही असो. मुद्दा हा की, आजाराला नाव नव्हतं म्हणून लोकांनी दुसरं कारण शोधलं. आजाराऐवजी गुन्हा दिसला, आणि त्यापायी एक माणूस फासावर जाता जाता वाचला.

सगळं डोक्यात आहे म्हणे

१९३० मध्ये अमेरिकेत सेसिल मरे यांनी कोलायटिसच्या रुग्णांबद्दल लिहिलं की, यांचा आजार भावनिक अडचणींशी, आईशी असलेल्या नात्याशी, लग्नाच्या ताणाशी जोडलेला दिसतो. विचार पूर्ण चुकीचा नव्हता. ताणाने त्रास वाढतो, हे आजही मान्य आहे. पण त्यातून पुढची काही दशकं एक समज पसरला की, या लोकांचा स्वभावच असा असतो. हळवे, आईला चिकटलेले, कमकुवत मनाचे. विचार करा, रक्त पडतंय, वजन घटतंय, आणि डॉक्टर सांगतात की मूळ तुमच्या स्वभावात आहे.

आपल्याकडे याचं देशी रूप तुम्ही ऐकलं असेलच. “फार विचार करतोस.” “बाहेरचं खाणं बंद कर.” “अभ्यासाचा टाळा आहे, दुसरं काय!” हे बोलणारे वाईट नसतात. त्यांच्याकडे शब्द नसतो, म्हणून ते स्वभावाला दोष देतात.

शब्द आला १९३२ मध्ये. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ऑपेनहायमर या तिघांनी १४ रुग्णांवर एक निबंध लिहिला. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची सूज, मुख्यतः तरुणांमध्ये दिसणारी, असं त्यांनी नोंदवलं. नावं इंग्रजी वर्णक्रमाने छापली गेली, क्रोन पहिले आले, म्हणून आजाराला त्यांचं नाव चिकटलं. गंमत म्हणजे स्कॉटलंडचे सर्जन केनेडी डॅलझील यांनी असेच रुग्ण १९१३ मध्येच नोंदवले होते. पण नाव मिळालं ते क्रोन यांचं.

आपल्याकडची गफलत: टीबी आणि मूळव्याध

भारतात कितीतरी काळ असं मानलं गेलं की, हे गोऱ्यांचे आजार. आपल्याकडे पोट बिघडलं की जंतू, जंत, आव किंवा टीबी. आतड्यांचा टीबी आणि क्रोन्स, दुर्बिणीतून पाहिलं तरी कितीतरी वेळा सारखेच दिसतात. म्हणून डॉक्टर अनेकदा टीबीची औषधं सुरू करून काही महिने परिणाम बघतात. यात डॉक्टरांची हलगर्जी आहे असं नाही. आपल्या देशात टीबी खरोखर इतका आहे की ती शक्यता सोडता येत नाही. पण रुग्णाच्या बाजूने बघा. आधी “टीबी आहे” म्हणून मित्र, नातेवाईक लांब बसतात. नंतर कळतं, तो टीबी नव्हताच. तोपर्यंत लांब बसलेले परत जवळ येतातच असं नाही.

दुसरी गफलत मूळव्याधीची. संडासातून रक्त दिसलं की शंभरातले कितीतरी जण थेट ‘मूळव्याध, भगंदर’ लिहिलेल्या पाटीखाली जाऊन बसतात. मुली तर तेवढंही सांगत नाहीत. लग्नाचं वय झालेलं, असलं काही गावात कळलं तर? त्या गप्प राहतात.

२००३ मध्ये लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबमधल्या घरोघरच्या पाहणीचे निष्कर्ष छापले. ५१,९१० लोक तपासले, त्यांत २३ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. म्हणजे लाखाला साधारण ४४. गोऱ्यांचा आजार ही समजूत तिथेच मोडली. आता फक्त गणित म्हणून बघा. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. पंजाबचा दर जसाच्या तसा लावला तर साडेआठशेहून जास्त माणसं होतात. जालना म्हणजे पंजाब नव्हे, खाणंपिणं वेगळं, त्यामुळे हा आकडा खरा धरू नका. पण एवढं नक्की समजतं की, “असला आजार मला एकट्यालाच” असं वाटणारा मुलगा एकटा नाही.

वॉर्ड क्यू आणि वॉर्ड टी

मग चित्र बदललं कसं? औषधांचा वाटा आहेच. १९४० च्या सुमारास स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी सल्फासालाझिन वापरात आणलं. (नाना म्हणजे बाई आहेत बरं का, आपले नाना नव्हेत!) १९५५ मध्ये इंग्लंडच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी २१० रुग्णांवर कॉर्टिसोनची चाचणी केली आणि स्टिरॉइडने जीव वाचतो हे दाखवलं. १९९८ मध्ये क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत मंजूर झालं. आता भारतीय कंपन्याही अशी इंजेक्शनं बनवतात. तरी ती साध्या घराच्या खिशाला जडच जातात.

पण आपल्या विषयासाठी मला याहून महत्त्वाची वाटते ती एका मंडळाची गोष्ट. त्याच माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये काही रुग्णांचं मोठं आतडं काढून पोटावर वाट केलेली होती, त्यावर पिशवी लावावी लागे. त्या काळी ही पिशवी गळायची, वास यायचा, कातडी सोलवटायची. लोक घराबाहेर पडणं सोडायचे. या रुग्णांनी एकमेकांना भेटायला सुरुवात केली. पुरुषांचा वॉर्ड क्यू, बायकांचा वॉर्ड टी, म्हणून मंडळाचं नाव ‘क्यूटी’. पिशवी कशी बांधायची, कपडे कोणते घालायचे, नवऱ्याला काय सांगायचं, हे एकमेकांना विचारायचं. ज्याने हे स्वतः भोगलंय त्याच्याशी बोलताना लाज वाटत नाही, इतकी साधी ही गोष्ट. १९५२ मध्ये ब्रायन ब्रूक या इंग्रज सर्जनने ऑपरेशनची पद्धतच सुधारली आणि पिशवीचा त्रास खूप कमी झाला. १९७० च्या दशकात मुंबईतही अशा रुग्णांची संघटना उभी राहिली.

आणि १९५६. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचं जूनमध्ये क्रोन्ससाठी ऑपरेशन झालं. जगभरच्या वर्तमानपत्रांत अध्यक्षांच्या आतड्याची चित्रं छापून आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले. आजार उघड झाला म्हणून माणूस संपत नाही, हे अख्ख्या जगाने पाहिलं.

आता जालन्यात

आज जालना, बदनापूर, परतूरच्या मुलांकडे मोबाईल आहे, आजाराचं नाव आहे, छत्रपती संभाजीनगरला ‘घाटी’ आहे. १९५६ पासून मराठवाड्याची माणसं उपचाराला तिथे जातात. पण अडचणी आपल्या मातीतल्याही आहेत. हा आजार पाणी मागतो. २०१२-१३ च्या दुष्काळात हे शहर टँकरवर जगत होतं. ज्या घरात पिण्याचं पाणी मोजून वापरतात, तिथे दिवसातून आठ वेळा संडासला जाणाऱ्या मुलीने काय करायचं? एसटीत बसायच्या आधी उपाशी राहायचं, हे तिचं उत्तर असतं. मग ती कॉलेजच्या सहलीला येत नाही. मैत्रिणी म्हणतात, “भाव खाते.”

या आजारात चिंता आणि नैराश्य बाकीच्यांपेक्षा जास्त दिसतं. त्याचं कारण फक्त सूज नाही. सतत अंदाज घेत जगणं, कारणं बनवत जगणं, हे थकवतं.

म्हणून इतिहासातून दोन कामाच्या गोष्टी घेऊ.

आजारी असाल तर एका मित्राला, फक्त एकालाच, पूर्ण वाक्य सांगा. “मला आतड्याचा जुनाट आजार आहे, तो संसर्गाचा नाही, कधी कधी अचानक पळावं लागतं, त्या दिवशी मी आलो नाही तर रागावू नकोस.” बास. “पोट ठीक नाही रे” हे वाक्य दार बंद करतं, हे दुसरं उघडतं. काही आठवडे रक्त किंवा जुलाब असतील, वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठावं लागत असेल, तर पाटीखाली न बसता पोटविकारतज्ज्ञ गाठा. टीबीची असोत की कोलायटिसची, औषधं बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. मन फारच खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि मित्र असाल तर विचारणं सहाव्यांदाही बंद करू नका. टपरी बदला, जिथे जवळ संडास आहे तिथे बसा. सहलीला जाताना गाडी कुठे थांबेल हे आधी ठरवा, आणि ते त्याच्यासाठी ठरवलंय असं सगळ्यांसमोर सांगू नका. तो येऊ शकला नाही तर तुम्ही त्याच्या खोलीवर जा. माधवरावांसाठी अख्खा कारभार थेऊरला गेला होता; आपल्याला एक जिना चढायचाय फक्त.

हा भाग कुणाला पाठवावा असं वाटत असेल तर “हे तुझ्यासाठी” असं लिहून पाठवू नका. नुसता पाठवा. ज्याला कळायचं त्याला कळेल. भेटू पुढच्या भागात!